छोट्या सर्फबोर्डाला कुठले फिन लावायचे? थ्रस्टर, क्वाड आणि ट्विन-ट्रेलर तिन्ही वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगते, मग कारणं. फिन म्हणजे सर्फबोर्डाखाली मागच्या बाजूला लावायचे, पाण्यात राहणारे छोटे पंख. माझ्या ५ फूट ६ इंची बोर्डावर आता ट्विन, म्हणजे दोन फिन, आणि मागे ट्रेलर, म्हणजे एक छोटा तिसरा फिन, असा सेट बसलाय आणि तो मी काढणार नाहीये. हा रिव्ह्यू त्याच सेटचा आहे, पण त्याच्याआधी जे चार सेट लावून बघितले त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा का आवडला ते कळणारच नाही, म्हणून जरा लांबेल. कंपनीचं नाव देत नाही कारण हा आकार बऱ्याच जणांकडे मिळतो, आणि आकार समजला की मग ब्रँड कुठला हा प्रश्न तसा लहान होतो.

बोर्ड आणि मी, दोघांची माहिती देते कारण त्याशिवाय फिनच्या रिव्ह्यूला काही अर्थ नसतो. बोर्ड ५ फूट ६ इंच लांब, साडेवीस इंच रुंद, साधारण २९ लिटरचा, मागे स्वॅलो टेल, म्हणजे मधे खाच असलेलं मागचं टोक, खालून बराच सपाट आणि प्लग, म्हणजे फिन बसवायच्या जागा, पाच; म्हणजे थ्रस्टर (तीन फिन), क्वाड (चार), ट्विन (दोन) काहीही लावता येतं. माझं वजन ६७ किलो, डावा पाय पुढे, आणि लाटा म्हणाल तर बहुतेक वेळा गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या, कधी बऱ्या, कधी अगदीच मऊ, ढकलून ढकलून पुढे न्याव्या लागणाऱ्या. डोक्यावरची लाट वर्षातून मोजक्या दिवशी.

बोर्डाबरोबर आलेले प्लॅस्टिकचे फिन मी तीन महिने वापरले आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही, नवीन शिकणाऱ्याला तेच बरे, पायाला लागले तर कमी कापतात आणि दगडावर घासले तरी जीव हळहळत नाही. पण एक करून बघा. फिन काढून बेसला एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टोक वाकवा. माझा प्लॅस्टिकचा फिन जवळजवळ मुळापासून वाकला, ओल्या पुठ्ठ्यासारखा. फायबरग्लासचा वाकला तो फक्त वरचा भाग, साधारण वरचा एक तृतीयांश, खालचा जागचा हललाही नाही आणि अंगठा सोडल्यासोडल्या टोक टणकन परत जागेवर. लाटेच्या तळाशी बॉटम टर्न घेताना पायाने दिलेला जोर जातो कुठे याचं उत्तर मला घरात जमिनीवर बसून त्या अंगठ्यात मिळालं. मुळापासून वाकणारा फिन तो जोर खाऊन टाकतो.

म्हणून मी ग्लासचा थ्रस्टर सेट घेतला, आणि इथे माझी चूक झाली. एफसीएस या फिन बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात स्मॉल ५५ ते ७० किलो, मीडियम ६५ ते ८०, लार्ज ७५ ते ९० असं दिलेलं असतं, म्हणजे ६७ किलोची मी स्मॉलमध्येही बसते आणि मीडियममध्येही. मला वाटलं मोठा फिन म्हणजे जास्त पकड, जास्त पकड म्हणजे चांगलंच, घेतला मीडियम. तक्ता चुकीचा नाहीये, तो वजनापुरता बरोबर आहे, पण त्याला माझा बोर्ड केवढा, टेल केवढं रुंद, लाटा कसल्या यातलं काही माहीत नाही. पाण्यात उतरले आणि पहिल्या दोन लाटा छान वाटल्या, बोर्ड सरळ रेषेत एकदम स्थिर, मग तिसऱ्या लाटेवर कटबॅक, म्हणजे परत मागे फेसाकडे वळण, घ्यायला गेले तर बोर्ड वळेचना. म्हणजे वळला, पण मोठ्या गाडीला यू-टर्न घ्यावा तसा, आणि तोवर लाटेची ताकद मागे राहून गेली होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं. एवढासा बोर्ड आणि त्याच्याखाली तीन मोठे कडक फिन.

हे का होतं ते समजायला मला बराच वेळ लागला. टेलची रुंदी टेलच्या टोकापासून १२ इंच पुढे मोजतात. नेहमीच्या निमुळत्या शॉर्टबोर्डला ती साधारण १४ ते साडेचौदा इंच असते, माझ्या बोर्डाला जवळपास सोळा. म्हणजे दोन बाजूंचे फिन एकमेकांपासून लांब, आणि बोर्ड एका रेलवरून, म्हणजे बाजूच्या कडेवरून, दुसऱ्या रेलवर टाकायला पायाला जास्त कष्ट. त्यात हळू लाटेवर रुंद टेल पाण्यावर आपणच छान उचललेलं राहतं, त्याला मागून आणखी धरून ठेवायची तेवढी गरज नसते. अशा बोर्डाला मधला फिन मोठा लावला की तो बरोब्बर मध्यभागी खुंट्यासारखा उभा राहतो आणि सगळा बोर्ड त्या खुंट्याला बांधल्यासारखा वाटायला लागतो. तेच फिन मी एका मैत्रिणीच्या ६ फूट १ इंची निमुळत्या बोर्डावर लावून दिले, ती माझ्यापेक्षा आठेक किलोने जड, तिला ते प्रचंड आवडले आणि अजून तिच्याकडेच आहेत.

मग स्मॉल थ्रस्टर. हा बरा होता, खरंच बरा, आणि ज्यांना फार खोलात शिरायचं नाहीये त्यांनी छोट्या रुंद बोर्डाला तक्त्यातला आपला आकार किंवा दोन आकारांच्या सीमेवर असाल तर त्यातला लहान, जरा उभट, असा ग्लासचा थ्रस्टर लावावा आणि विषय संपवावा. माझं इतकंच झालं की कंबरेखालच्या मऊ लाटेत तो अडखळायचा, लाटेचा सपाट भाग पार करताना बोर्ड पाण्याला चिकटल्यासारखा वाटायचा आणि मी पुढचा पाय हापटून हापटून वेग काढत बसायचे.

आता फिनच्या आकाराबद्दल थोडं, कारण दुकानात भिंतीवर पन्नास फिन लटकलेले असतात आणि सगळे सारखेच दिसतात. चार गोष्टी बघायच्या. बेस किती लांब आहे, म्हणजे बोर्डाला चिकटणारी बाजू: लांब बेस म्हणजे पायाने ढकललं की पुढे जायची ताकद. उंची किती: उंच फिन पाणी खोलवर धरतो, सुटत नाही. मागे किती झुकलाय: जास्त झुकलेला फिन लांब, मोठी वळणं देतो, उभा फिन जागच्या जागी चटकन वळू देतो. आणि जाडीचा आकार, ज्याला फॉइल म्हणतात: बाजूच्या फिनची आतली बाजू सहसा सपाट आणि बाहेरची फुगीर, मधल्या फिनच्या दोन्ही बाजू सारख्या फुगीर. विमानाच्या पंखासारखंच काम आहे, फक्त उभं. बाजूचे फिन थोडे बाहेरच्या बाजूला कललेले असतात आणि त्यांची पुढची टोकं थोडी आत, नोजकडे म्हणजे बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळलेली असतात, पण ते आत वळणं बोर्डाच्या प्लगमध्येच ठरलेलं असतं, फिन बदलून ते बदलत नाही. मला हे माहीत नव्हतं आणि मी एका बोर्डाचा स्वभाव फिनने बदलायचा प्रयत्न करत राहिले जो मुळात प्लगमुळे तसा होता.

माझी एक सवय सांगते, उपयोगी आहे. सगळे फिन एकाच मोठ्या कागदावर, एकाच रेषेवर बेस ठेवून पेन्सिलने काढायचे, एकावर एक. आकडे वाचून जे कळत नाही ते या रेषांमध्ये लगेच दिसतं, कुठला किती मागे झुकलाय, कुणाचं टोक रुंद, कुणाचं बारीक. माझ्या मीडियम थ्रस्टरचा फिन आणि आताच्या ट्विनचा फिन, दोघांचे आकडे वाचून मला ट्विन आणखी जड जाईल असं वाटत होतं कारण क्षेत्रफळ जास्त. कागदावर बघितलं तर ट्विनचं सगळं अंग बेसवर सरळ उभं, थ्रस्टरचं टोक मात्र बेसच्या मागच्या कडेच्याही बरंच मागे गेलेलं. तिथे डोक्यात प्रकाश पडला.

मधे क्वाडपण लावला. चार फिन, मधला नाही, म्हणजे मध्यभागातून पाणी मोकळं निघून जातं. वेग म्हणाल तर या बोर्डावर सगळ्यात जास्त वेग मला क्वाडनेच दिला, लांब, पळणारी, समोर भिंतीसारखी उभी राहणारी लाट असेल तर रेलजवळचे दोन दोन फिन इतकं घट्ट धरतात की बोर्ड सुटायचं नाव नाही आणि ज्यांना अशी लाट रोज मिळते त्यांना मी डोळे झाकून क्वाड सांगेन. माझ्या लाटा अशा नाहीत. मला लाटेच्या पुढे धावून परत मागे फेसाकडे वळावं लागतं, आणि तिथे क्वाड एका रेलला धरून बसायचा, विशेषतः पाठ लाटेकडे असताना. वळणाच्या मधोमध जिथे थ्रस्टर टेकायला काहीतरी देतो तिथे क्वाडमध्ये मला पोकळी जाणवायची. मागचे दोन फिन आणखी लहान लावल्यावर ते बरंच कमी झालं, हेही नमूद करते, क्वाड वापरणाऱ्यांनी मागच्या जोडीशी जरूर खेळून बघावं.

आणि मग हा सेट. दोन मोठे उभट ट्विन, पुढच्या प्लगमध्ये, आणि मधल्या प्लगमध्ये एक अगदी छोटा तिसरा फिन. हातात घेतला तर ट्रेलर माझ्या तळहातावर मावतो.

या छोट्या तिसऱ्या फिनचा इतिहास मला फार आवडतो. मार्क रिचर्ड्स या ऑस्ट्रेलियन सर्फरने १९७९ ते १९८२ सलग चार वेळा जगज्जेतेपद मिळवलं ते छोट्या ट्विन बोर्डांवर. त्याच काळात सायमन अँडरसन हा दुसरा ऑस्ट्रेलियन, अंगाने चांगला थोराड, त्याला ट्विन जमत नव्हता कारण जोर दिला की मागून सुटायचा. १९८० मध्ये त्याने एका ओळखीच्या शेपरच्या, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्याच्या, ट्विन बोर्डावर मागे लावलेला छोटा अर्धचंद्रासारखा फिन बघितला, आणि त्याने तो वाढवून तिन्ही फिन सारखे केले. तो थ्रस्टर. १९८१ ला त्यावर ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा मोठ्या लाटांमध्ये जिंकला आणि मग सगळं जग तीन फिनवर गेलं. म्हणजे बघा, जो छोटा फिन बघून थ्रस्टर सुचला, जवळपास तोच छोटा फिन आज आपण ट्रेलर म्हणून परत लावतोय. अँडरसनला मोठ्या लाटेत मोठ्या अंगाचा प्रश्न सोडवायचा होता. माझा प्रश्न लहान लाटेत लहान बोर्डाचा आहे, त्याला तिसरा फिन तेवढा मोठा लागतच नाही.

पहिला दिवस. कंबरेएवढी लाट, वारा नाही, पाणी काचेसारखं. टेक-ऑफ घेतला, म्हणजे लाट पकडून उभी राहिले, आणि पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे काहीच न करता बोर्ड पळाला. लाटेच्या मऊ भागावर जिथे मी पाय हापटायचे तिथे बोर्ड आपोआप सरकत गेला. मग कटबॅक, आणि इथे मी अक्षरशः ओरडले, कारण बोर्ड मागच्या पायाखाली नुसता विचार केल्यावर वळला, इतका की पहिल्या दोन वेळा मी जास्तच वळून फेसात पडले. जुन्या सवयीने दिलेला जोर याला खूप होत होता. जोर कमी करायला शिकायला चार-पाच सेशन गेली. मागचा पाय थोडा पुढे घेतला, अंदाजे दोन बोटं, आणि मग सगळं जागेवर आलं.

एकदा मुद्दाम ट्रेलर काढून नुसता ट्विन घेऊन गेले, म्हटलं बघू तर खरं तो तळहाताएवढा तुकडा करतो काय. बरंच काही करतो. सरळ जाताना फरक जवळपास शून्य, पण लाटेच्या वरच्या कडेला जाऊन खाली वळताना टेल सुटलं, बोर्ड आडवा झाला आणि मी पाठीवर पाण्यात. तीनदा. कुणाला ते सुटणं आवडतंही, मजा असते त्यात, मला मात्र त्या जागी कुणीतरी मागून हलकेच धरून ठेवलेलं हवं असतं आणि ट्रेलर नेमकं तेवढंच करतो, अडवत नाही, फक्त पडू देत नाही.

जिथे हा सेट कमी पडतो तेही सांगते. छातीच्या वर, उभी, पोकळ होणारी लाट आली की मला पुढचे दोन फिन पुरेसे वाटत नाहीत, बॉटम टर्नला पूर्ण अंग टाकायचा धीर होत नाही, एकदा टाकलं तर टेल थरथरलं आणि मी तिथेच सोडून दिलं. त्या मोजक्या दिवसांसाठी स्मॉल थ्रस्टर बॅगेत असतो. ज्यांच्याकडे रोजच तशा लाटा आहेत, किंवा जे अजून उभं राहायला आणि सरळ जायला शिकतायत, त्यांनी हा सेट घेऊ नये, मनापासून सांगते. आणि जुन्या पद्धतीच्या फिश बोर्डाचे लांब बेसचे कील फिन वेगळे, ते बरेच मागे, जवळजवळ एकमेकांना समांतर बसवलेले असतात, ते पाच प्लगच्या बोर्डाच्या पुढच्या प्लगमध्ये लावून तसलीच चाल येईल असं समजू नका, जागाच चुकते.

एक किस्सा. दुसऱ्या महिन्यात वेग आला की बोर्डाखालून बारीक गुणगुण ऐकू यायला लागली, डासासारखी, वेग वाढला की आवाज चढायचा. मला वाटलं प्लग सैल झाला. सगळं काढून घट्ट केलं, आवाज तसाच. शेवटी उजेडात फिन डोळ्यांसमोर धरून मागच्या कडेवरून नख फिरवलं तेव्हा एका जागी नख अडलं, केसाएवढा ओरखडा, कधीतरी उथळ पाण्यात तळाला लागला असणार. बारीक वॉटर पेपर ओला करून त्या कडेवर हलक्या हाताने दोन्ही बाजूंनी घासलं, पाचेक मिनिटं, नख सरळ सरकेपर्यंत. आवाज गायब. फिन गुणगुणत असेल तर आधी मागची कड तपासा, प्लगच्या मागे लागू नका.

विकत घ्यायच्या आधी प्लग कुठले आहेत हे नक्की बघा, मी दोन जणांना चुकीचा सेट घरी आणताना बघितलंय. फ्यूचर्स या दुसऱ्या कंपनीचा फिन एका लांब खाचेत बसतो आणि एका स्क्रूने आवळतो. जुन्या एफसीएसला फिनखाली दोन छोटे दात आणि प्रत्येकाला एक स्क्रू. एफसीएसच्या नव्या पद्धतीचा, एफसीएस टू चा, फिन दाबून खट्कन बसतो, स्क्रू लागतोच असं नाही. फ्यूचर्स आणि एफसीएस एकमेकांत बसत नाहीत. जुना एफसीएस फिन एफसीएस टू च्या प्लगमध्ये छोटे प्लॅस्टिकचे तुकडे घालून आणि स्क्रू लावून चालवता येतो, पण एफसीएस टू चे बाजूचे फिन जुन्या प्लगमध्ये जाणार नाहीत, त्यामुळे जुना बोर्ड असेल तर नव्या सेटच्या मोहात पडायच्या आधी बोर्ड उलटा करून बघा.

स्क्रूवाले असतील तर ती छोटी अ‍ॅलन की ३/३२ इंचाची असते, दोन घेऊन ठेवा, एक गाडीत, एक बॅगेत. स्क्रू आवळायच्या आधी प्लगमधली वाळू गोड्या पाण्याने धुवून काढा, वाळूसकट आवळलं की आटे खराब होतात आणि मग तो स्क्रू ना आत जातो ना बाहेर येतो. पुढचा थोडा, मागचा थोडा, असं आळीपाळीने, आणि अडला की थांबायचं, मनगटाचा पूर्ण जोर लावायचा नाही. मग फिनचं टोक धरून हलवून बघायचं. कटकट आवाज आला तर परत बघा, फिन सैल असेल तर पहिल्याच जोरात तो प्लगसकट जाऊ शकतो. दाबून बसणारे असतील तरीही ही टोक हलवायची सवय ठेवा.

ग्लासच्या नव्या फिनची कड धारदार असते हेही ध्यानात ठेवा. माझ्या पोटरीवर त्याची एक रेष आहे, पाण्यातून बोर्ड ओढताना ओलेत्या पायाला नुसता घासला होता. बोर्ड पायाच्या बाजूला न धरता फिन बाहेर करून धरायची सवय तेव्हापासून लागली.

सात महिने झाले. ट्विनच्या एका फिनच्या टोकाला बारीक टवका गेलाय, बाकी बेसला कुठे तडा नाही, वाकवून बघितला तर पहिल्या दिवशीइतकाच टणक. पुढच्या महिन्यात ट्रेलर थोडा उंच असलेला मिळाला तर तेवढाच बदलून बघणार आहे, त्या छातीवरच्या लाटांना तो किती पुरतो ते पाहायचंय. कुणी या मापाच्या बोर्डावर तसं केलं असेल तर वजन, टेलची रुंदी आणि ट्रेलरची उंची तिन्ही लिहा.